कर्नलमधली भोकं: खरंच एवढा धोका, की नवीन मशीनं खपवायचा धंदा?

जुना जुळारी

मंडळी, नमस्कार. बेळगावच्या शहापुरात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. ऑफसेटबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही, पण संगणकाचं सगळं मी कामावरच्या पोरांवर सोडलेलं आहे.

दोन जुनी मशीनं आहेत, विंडोज ७, ३२ बिटची. त्यांवर पेजमेकर आणि एक जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. ते चालायला मागे डोंगल लावावा लागतो, म्हणजे त्या सॉफ्टवेअरची किल्लीच. वीस वर्षांचा माल त्याच फॉन्टात पडलाय. युनिकोडला नेला की जोडाक्षरं फुटतात, आणि 'श्री' फुटलेली पत्रिका कोण घेणार?

गेल्या आठवड्यात मेंटेनन्सवाला पोरगा आला. म्हणे, "काका, कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, भोकं सापडलीत, हॅकर थेट मुळात शिरतात, अँटिव्हायरस काही करू शकत नाही. दोन्ही मशीनं काढून टाका." नव्या मशीनांचं कोटेशन खिशात तयारच होतं.

तर प्रश्न सरळ आहे. ही कर्नलची भानगड खरंच इतकी गंभीर आहे का? असली तर माझ्यासारख्या छापखान्यापर्यंत ती पोचते कशी? नसली तर तसं ठणकावून सांगा.

अडकित्ता

मी धागा उघडला तो कॅम्पात कुठल्या कर्नलसाहेबांना काय झालं बघायला. असो, बसतो आता. पॉपकॉर्न नको, अर्धा किलो कुंदा पाठवा.

निपाणी मोबाईल

काका, पोराला चहा पाजा आणि लावून द्या.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पैसे गेलेली माणसं पोलिसांत जायच्या आधी माझ्याकडं येतात, "बघ की रे काय निघतंय का" म्हणून. कर्नलमधून पैसे गेलेला एक माणूस मी अजून बघितला नाही. सगळ्यांची गोष्ट एकच. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' म्हणून फाईल येते, नावाच्या शेवटी एपीके. दाबलं की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप घेऊ का? हो. एसएमएस वाचू देऊ का? हो. अ‍ॅक्सेसिबिलिटी चालू करू का? तेही हो.

परवा एक तंबाखूचे व्यापारी आले. पत्रिकेवर गणपतीचं लाल चिन्ह होतं म्हणे, उघडल्यावर काहीच दिसेना, आणि मग चिन्हही गायब. सेटिंगमध्ये अ‍ॅपची यादी काढली तर सगळ्यात खाली एक कोरी ओळ, ना नाव ना चित्र. तिच्यावर बोट ठेवलं की सेटिंग आपोआप बंद. परत उघडायची, परत बंद. शेवटी सेफ मोडला घालून काढलं तेव्हा गेलं. तोवर खातं धुऊन झालेलं.

ह्यात कर्नल कुठं आला सांगा. मालकानं स्वतः तीनदा 'हो' म्हटलंय. तुम्ही लोक लई वरच्या गप्पा मारालाय, खाली लोक ह्यानं मरालेत.

अडकित्ता

म्हणजे काकांच्या छापील पत्रिकेचा धंदा सुरक्षित. कागदाला ओटीपी वाचता येत नाही.

जुना जुळारी

तेवढं तरी बरं :) पण हल्ली लोक शंभर छापतात, देवाला आणि भाऊबंदांना. बाकी सगळं मोबाईलवर.

मलप्रभेकाठची

मी खानापूरची, सध्या बेंगळूरला. लिनक्सच्या (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) ड्रायव्हरांवर, म्हणजे प्रिंटरसारखी यंत्रं कर्नलशी जोडणाऱ्या प्रोग्रामांवर, काम करते. निपाणीचे दादा म्हणतात ते खरंच आहे. पण लोक एपीकेनं लुटले जातात म्हणून कर्नलची भीती खोटी, असं होत नाही.

काका, साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक ट्रॉली त्याच्यावरून जाते आणि पुढचा सगळा हिशेब त्या एका पावतीवर चालतो. कर्नलचं काम तेच. कुठल्याही प्रोग्रामला मेमरी हवी, फाईल हवी, प्रिंटर हवा, तर त्याच्यामार्फत जावं लागतं. एखाद्या ट्रॉलीत उसाबरोबर दगड आले तर नुकसान तेवढ्या ट्रॉलीचं. काटाच कुणी आतून फिरवला तर सगळ्या पावत्या खोट्या, आणि तपासायला आलेला अधिकारीसुद्धा त्याच काट्यावर वजन करून सही करून जातो. अँटिव्हायरस हा तो अधिकारी. मशीनवर कुठल्या फाईली आहेत, काय चालू आहे, हे तो कर्नललाच विचारतो.

हे कल्पनेतलं नाही. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉपी रोखायच्या नावाखाली विंडोजमध्ये असाच एक भाग गुपचूप बसवायच्या. ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाईल त्यानंतर दिसायचीच नाही. व्हायरसवाल्यांनी काय केलं? आपल्या फाईलींची नावं त्याच अक्षरांनी सुरू केली.

आता गंभीर किती, ते. कर्नलच्या बहुतेक त्रुटी 'लोकल' असतात. म्हणजे चोराला आधी त्या मशीनवर साध्या वापरकर्त्याच्या हक्कानं काहीतरी चालवता आलं पाहिजे, मग ती त्रुटी त्याला साध्याचा मालक करते. डर्टी काऊ (सीव्हीई-२०१६-५१९५, म्हणजे त्रुटींच्या जाहीर यादीतला तिचा नंबर) तसलीच. २००७ मधल्या लिनक्स २.६.२२ पासून कोडात बसलेली, ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीला आली. नऊ वर्षं! ज्या सर्व्हरवर शंभर जणांच्या वेबसाइट शेजारीशेजारी आहेत, तिथं हे भयंकर आहे. एकजण बिघडला की नव्याण्णव त्याच्या हातात.

पण काका, तुमच्या मशीनवर पोरं कुठल्या खात्यानं बसतात? अ‍ॅडमिन म्हणूनच बसत असतील तर चोराला कर्नलची त्रुटी शोधायची तसदीच नको. आला तोच मालक म्हणून आला.

जुना जुळारी

सगळे अ‍ॅडमिनच. पासवर्ड १२३. हसू नका.

ऊसवाला चिकोडी

ताई, काट्याचं उदाहरण आमच्यात देऊ नका. न फिरवलेला काटा असतो हेच आम्हाला नवीन आहे.

अडकित्ता

+१. ह्या हिशेबानं आपण सगळे पिढ्यान्‌पिढ्या हॅक झालेलोच आहोत.

उद्यमबाग

'लोकल' म्हणून सोडून देऊ नका ओ. २०१७ विसरलात काय?

आमचं जॉबवर्क आहे, सीएनसीवर कास्टिंगचं मशिनिंग. प्रोग्राम पाठवायला एक एक्सपीचा डबा होता, त्यातला एक फोल्डर सगळ्या लॅनला, म्हणजे आतल्या नेटवर्कला, शेअर केलेला. ऑफिसची बिलिंगची मशीनं पण त्याच लॅनवर, आणि त्यातल्या एकाला इंटरनेट. मे महिन्यात वॉनाक्राय आलं, फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारं रॅन्समवेअर. ते आलं शुक्रवारी, शनिवारी सकाळी मालकांचा फोन, "आधी वायरी काढ, मग चहा पी." कुणी फाईल उघडायची गरज नाही, कुणी 'हो' म्हणायची गरज नाही. नुसतं मशीन चालू आणि नेटवर्कला असलं की बास. फोल्डर शेअर करायचा जो जुना मार्ग, एसएमबी पहिली आवृत्ती, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्येच बसतो. बाहेरून बरोबर बनवलेलं पाकीट पाठवलं की थेट आत.

आम्ही वाचलो ते नशिबानं. आमचा इंटरनेटवालाच ते पोर्ट अडवत होता, हे नंतर कळलं.

दुसरं गेट

उद्यमबाग यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो.

मायक्रोसॉफ्टनं त्या भोकाचं ठिगळ, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट (एमएस१७-०१०), १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं. त्याच भोकातून शिरणारं इटर्नलब्लू, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं हत्यार म्हणून, एप्रिलमध्ये जगजाहीर झालं, आणि वॉनाक्राय १२ मे ला आलं. म्हणजे जवळजवळ दोन महिने ठिगळ मोफत पडून होतं. ज्यांनी लावलं त्यांना त्या मार्गानं काही झालं नाही.

आणि सगळे एक्सपीला शिव्या घालतात, पण तेव्हा बळी गेलेली बहुसंख्य मशीनं विंडोज ७ ची होती. एक्सपीवर तो हल्ला नीट चालायचाच नाही, मशीन निळा पडदा दाखवून आडवं व्हायचं. काका, तुमच्याकडे विंडोज ७ आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्याच भोकाचा वापर करून जूनमध्ये नॉटपेट्या आलं, युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून मर्स्क या जहाज कंपनीत, आणि तिच्यामुळे आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल अडकलं. कुठं युक्रेन, कुठं न्हावाशेवा.

व्हीटीयूचा वनवासी

सगळे २०१७ वरच अडकलेत. मी फायनल इयरला आहे, प्रोजेक्ट लिनक्स कर्नलवर. थोडं उलट बोलतो.

त्या मेंटेनन्सवाल्यानं 'भोकं सापडलीत' हे मोबाईलवर बातमी वाचून सांगितलं असणार. 'लिनक्समध्ये हजारो त्रुटी' असल्या बातम्या हल्ली सारख्या येतात. कारण असं की फेब्रुवारी २०२४ पासून सीव्हीई नंबर द्यायचं काम लिनक्स कर्नलवाल्यांनी स्वतःकडे घेतलं. त्यांचं म्हणणं, कर्नलमधली जवळपास कुठलीही चूक कुणाच्या तरी बाबतीत सुरक्षेची ठरू शकते, म्हणून शंका आली तरी नंबर द्या. मग वर्षाला हजारोंनी नंबर. त्यातले कितीतरी अशा ड्रायव्हरांतले असतात जे तुमच्या मशीनमध्ये बसतच नाहीत. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांचंही आधीपासूनचं मत हेच, की सुरक्षेची चूक ही शेवटी चूकच असते, तिला वेगळा मुकुट घालायचं कारण नाही. नंबर मोजून धोका मोजणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

मलप्रभेकाठची

वनवासी, नंबर मोजू नयेत हे मान्य. पण नंबर न दिल्यानं काय होतं तेही ऐक.

अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप एकमेकांशी बोलतात ते बाइंडर नावाच्या ड्रायव्हरमधून. त्यात एक चूक होती. मोकळी केलेली मेमरी परत वापरली जायची. मूळ लिनक्समध्ये ती २०१८ च्या सुरुवातीलाच दुरुस्त झाली. नंबर दिला नाही, गाजावाजा नाही, शेकडो दुरुस्त्यांतली एक. फोन कंपन्यांपैकी बऱ्याच जणांना ती उचलावीशी वाटली नाही, कारण ती सुरक्षेची आहे हेच कुठं लिहिलेलं नव्हतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटानं सांगितलं की हीच चूक वापरून प्रत्यक्षात लोकांचे फोन ताब्यात घेतले जातायत. मग तिला नंबर मिळाला, सीव्हीई-२०१९-२२१५. कुठले फोन? पिक्सेल २, सॅमसंग एस८, आणि दादा, तुमच्या ओळखीचा रेडमी नोट ५.

तर दोष शोधणं आणि दुरुस्त करणं हे काम बऱ्यापैकी होतंय. दुरुस्ती तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत येत नाही, तिथं सगळं अडतं. एक त्रुटी किती भयंकर यापेक्षा ती तुमच्याकडे किती दिवस उघडी राहिली हे मी आधी विचारीन.

निपाणी मोबाईल

रेडमी नोट ५ अजून येतात, बॅटरी फुगलेले. अपडेट म्हणाल तर कंपनीनं कधीच सोडून दिलंय.

पण ताई, मला एक सांगा. तो बाइंडरवाला हल्ला कुणी केला? तंबाखूच्या व्यापाऱ्यावर केला का कुणी?

मलप्रभेकाठची

हेरगिरीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या इस्रायलच्या एनएसओचं नाव घेतलं गेलं, कंपनीनं नाकारलं. तुमचा मुद्दा कळला. असली हत्यारं महाग असतात, ती पत्रकार, वकील, राजकारणी यांच्यावर चालतात. मान्य. पण ती महाग असतात ती ताजी असेपर्यंतच. एकदा माहिती बाहेर आली की फुकट होतात आणि कुणीही उचलतो. डर्टी काऊचं तेच झालं, पुढं अँड्रॉइडच्या साध्या व्हायरसांत ती सापडली.

निपाणी मोबाईल

हां, हे पटतंय थोडं. थोडंच.

सांबरा

अवांतर: कर्नलमधून नुकसान व्हायला हॅकरच लागतो असं नाही. १९ जुलै २०२४, शुक्रवार. मी बेंगळूर विमानतळावर उभा, सगळे पडदे निळे. क्राउडस्ट्राइकचं, म्हणजे सुरक्षेसाठीच बसवलेलं सॉफ्टवेअर. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतो. त्यांनी एक छोटी माहितीची फाईल पाठवली, तिच्यात २१ रकाने अपेक्षित आणि ड्रायव्हर देत होता २०. एकविसावा वाचायला गेला आणि कोसळला. साधा प्रोग्राम कोसळला तर खिडकी बंद होते, कर्नलमध्ये कोसळला की मशीनच बसतं. जगभर ८५ लाख विंडोज मशीनं, हा मायक्रोसॉफ्टचाच अंदाज. आणि पुढं एकेका मशीनशी बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाईल हातानं पुसायची.

मला बोर्डिंग पास पेननं लिहून मिळाला. आडनाव चुकीचं. तरी गेटवर सोडलं.

अडकित्ता

काका, बघा संधी. बोर्डिंग पासची बुकं छापून ठेवा, नंबरिंग आणि परफोरेशनसकट.

जुना जुळारी

तिप्रतीत करून देतो. कार्बनलेस हवं असल्यास दर वेगळा.

खडेबाजार गेमर

माझा एक खेळ आहे, त्याचं चीट पकडणारं सॉफ्टवेअर मशीन चालू झाल्या झाल्या कर्नलमध्ये जाऊन बसतं. खेळत नसलो तरी. पप्पांच्या टॅलीच्या मशीनवर टाकलंय. चालेल ना?

दुसरं गेट

बाळा, पप्पांना हा धागा दाखव.

राजहंसगड

एवढे दोष, एवढी ठिगळं. आपल्या सीमाप्रश्नाचा पॅच १९५६ पासून पेंडिंग आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात. त्याला सीव्हीई नंबर मिळेल काय?

ऊसवाला चिकोडी

'वोन्टफिक्स', दुरुस्त करणार नाही, म्हणून बंद केलंय.

व्यवस्थापन

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, पुष्कळ आहेत. इथं संगणकापुरतं बोलावं. राजहंसगड यांचा प्रतिसाद विनोद म्हणून ठेवला आहे, पुढचे उडवले जातील.

हिशेबनीस

मी सोसायट्यांची ऑडिट करतो. नावं घेणार नाही, पण एका क्रेडिट सोसायटीचं सांगतो, कारण इथं निपाणीकर आणि ताई दोघंही बरोबर आहेत असं मला त्यातून दिसतं.

दिवाळीनंतरचा सोमवार. क्लार्कनं मशीन चालू केलं, प्रत्येक फाईलच्या नावापुढं विचित्र शेपूट, आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी. ठेवींचं लेजर, कर्जाचे हप्ते, सगळं कुलूपबंद. बॅकअपची हार्डडिस्क होती, ती कायम सर्व्हरला लावून ठेवलेली, त्यामुळे तीही गेली. पिग्मी एजंटांच्या डायऱ्या आणि छापील डे-बुकावरून पुन्हा सगळं उभं केलं. संध्याकाळी सातनंतर शटर अर्धं ओढून बायका-माणसं नोंदी घालत बसायची, एकजण वाचणार, एकजण टाईप करणार, तिसरा बेरीज जुळवणार.

चोर आला कसा? सॉफ्टवेअरवाल्याला घरून बघता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा सोडलेला, आणि पासवर्ड सोसायटीचं नाव आणि पुढं १२३. ह्यात कर्नलची त्रुटी शून्य.

पण नंतर तपासणारा मुलगा म्हणाला, "सर, अँटिव्हायरस चालू होता, पैसे भरलेला होता, आणि पहिली फाईल लॉक व्हायच्या आधी तो मेला." चोरानं आल्याबरोबर एक ड्रायव्हर बसवला होता. व्हायरस नव्हे, एका नामांकित कंपनीच्या सहीचा खराखुरा ड्रायव्हर, फक्त जुना आणि दोष असलेला. सही खरी म्हणून विंडोजनं घेतला, आणि त्याच्या दोषातून कर्नलच्या हक्कानं अँटिव्हायरस बंद पाडला. मला तेव्हा हे सगळं डोक्यावरून गेलं होतं. आता ताईंचं काट्याचं वाचून कळलं.

व्हीटीयूचा वनवासी

हिशेबनीस सर, ही आता नेहमीची पद्धत झालीय, स्वतःचा कच्चा ड्रायव्हर सोबत आणायचा. २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाचा चीट पकडणारा ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी असाच वापरला. ज्या मशीनवर वापरला तिथं तो खेळ असायची गरजही नव्हती, ड्रायव्हर चोरच घेऊन यायचा. खडेबाजार गेमर, वाचतोयस ना?

असल्या ड्रायव्हरांची काळी यादी मायक्रोसॉफ्ट ठेवतं, विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते. विंडोज ७ ला असलं काही नाही. ह्या बाबतीत मी माझा आधीचा सूर थोडा खाली घेतो.

खडेबाजार गेमर

वाचतोय. पप्पा पण वाचतायत.

निपाणी मोबाईल

हिशेबनीस साहेब, तरी माझं म्हणणं तेच. पासवर्ड धड असता तर ड्रायव्हरची पाळीच आली नसती. शंभर रुपये असतील तर नव्वद पासवर्ड, बॅकअप आणि 'एपीके दाबू नका' यावर घाला. कर्नलला दहा.

मलप्रभेकाठची

दहा पुरतात हो. अपडेट फुकट असतात, तेवढे होऊ द्यायचे. त्यासाठी रात्री मशीन बंद करताना 'अपडेट अँड शटडाऊन' दाबायचं, आणि करंट गेली म्हणून मेन स्विच पाडायचा नाही.

दुसरं गेट

आता काकांचं मूळ बघू, धागा बराच हिंडून आला.

काका, विंडोज ७ चे मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले. त्याच्या आधी, मे २०१९ मध्ये, ब्लूकीप नावाचा दोष निघाला होता. रिमोट डेस्कटॉपचा जो भाग कर्नलमध्ये आहे त्यात, आणि पासवर्डसुद्धा न विचारता आत जाता येईल असा. त्याचं ठिगळ विंडोज ७ ला मिळालंय. तुमच्या मशीनवर ते लागलंय का हे बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही, कारण आपल्याकडे 'अपडेटनं मशीन स्लो होतं' म्हणून आधी तेच बंद करतात. २०२० नंतर सापडलेल्यांना तर तुमच्याकडे औषधच नाही. तेव्हा पोरगा धोक्याबद्दल खोटं बोलत नाहीये.

पण त्यावरून दोन्ही मशीनं भंगारात, हे मला पटत नाही. पत्रिका लावायला इंटरनेट कशाला लागतं? तुम्हाला हवा आहे तो डोंगल, पेजमेकर आणि तुमचा फॉन्ट. त्या दोन्ही मशीनांची नेटवर्कची वायर कायमची काढा, वायफायचा डोंगल लावला असेल तर तोही. गिऱ्हाइकाचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल, सगळं एका वेगळ्या, अपडेट मिळणाऱ्या मशीनवर घ्या. एकच नवीन मशीन. कोटेशन अर्ध्यावर आलं.

उद्यमबाग

आम्ही हेच केलंय. सीएनसीची लॅन वेगळी, ऑफिसची वेगळी, मधे काही नाही. प्रोग्राम एकाच पेनड्राईव्हनं जातो, त्याला लाल चिकटपट्टी, आणि तो घरी न्यायला बंदी. लाल पट्टीचा पेनड्राईव्ह कुणाच्या खिशात दिसला की दंड चहाचा, सगळ्या शिफ्टला.

व्हीटीयूचा वनवासी

पेनड्राईव्हवर लई भरवसा नको. इराणच्या अणुप्रकल्पातली मशीनंही इंटरनेटला नव्हती. २०१० मध्ये उघडकीला आलेलं स्टक्सनेट पेनड्राईव्हमधूनच पसरणारं, आणि त्याचे कर्नल ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉन यांच्या चोरलेल्या सह्यांनी आत गेले.

अडकित्ता

शहापुरात युरेनियम समृद्ध करतात ही बातमी फोडल्याबद्दल आभार.

जुना जुळारी

एवढं सगळं वाचलं, मुलाकडून दोनदा वाचून घेतलं. आज दुपारी त्यानं बघितलं: दोन्ही मशीनांत अपडेट बंदच होते, फोल्डर शेअरिंग चालू, आणि एका मशीनवर रिमोटवालं सॉफ्टवेअर, मेंटेनन्सच्या पोरानंच घातलेलं. ते काढलं. वायरी काढल्या. पत्रिकेच्या फाईली एका डिस्कवर घेऊन कपाटात ठेवल्या.

नवीन एक घेतो. पण एक शंका. पोरगा म्हणाला होता नव्या मशीनवर डोंगल चालणारच नाही. हे खरं का? कारण उद्या हे जुनं मशीनच बसलं तर?

मलप्रभेकाठची

बहुतेक खरं आहे, आणि कारणही कर्नलचंच. विंडोज ७ च्या ३२ बिटला सही नसलेला ड्रायव्हर चालतो, कुरकुर करून का होईना. ६४ बिटला सही सक्तीची आहे. तुमच्या फॉन्टवाल्यांनी डोंगलचा ६४ बिटचा सहीचा ड्रायव्हर काढला नसेल तर नवं मशीन तो घेणार नाही. ती सक्ती बंद करायच्या युक्त्या नेटवर सापडतील, त्या करू नका. एका डोंगलसाठी सगळ्यांनाच आत घेतल्यासारखं होईल.

त्यापेक्षा नव्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स घाला, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या आत तुमचं ३२ बिटचं विंडोज ७ बसवा, त्याचं नेटवर्क बंद ठेवा, आणि यूएसबीचा डोंगल थेट आतल्या विंडोजला जोडून द्या. बहुतेक डोंगल असे चालतात. प्रिंटसाठी पीडीएफ काढून बाहेरच्या फोल्डरात टाकायची.

दुसरं गेट

काका, डोंगल यूएसबीचा आहे की जुना प्रिंटरच्या पोर्टचा, २५ पिनांचा? यूएसबीचा असेल तर ताई सांगतात ते होईल. २५ पिनांचा असेल तर आतल्या मशीनला तो देता येणं अवघड, मग सेकंडहँड बाजारातून तसलं पोर्ट असलेला एक मदरबोर्ड आत्ताच घेऊन ठेवा, अजून मिळतात.

जुना जुळारी

बघून सांगतो. मागच्या बाजूला आहे, मशीन भिंतीला चिकटलंय आणि त्याच्यापुढं सोसायटीच्या अहवालाचे गठ्ठे. गठ्ठे उद्या जातील.

निपाणी मोबाईल

काका, गठ्ठे हलवताना तेवढा १२३ पण बदला.